साईडपट्टी कोणाची? वसाहतीतले सामाईक रस्ते आणि कडेचे गवत कसे सांभाळावे

बेळगाव शहराच्या कडेला हिंडलगा, कंग्राळी, कणबर्गी, मच्छे, पिरनवाडी अशा सगळ्या बाजूंना, तसेच निपाणी, चिक्कोडी, खानापूर या गावांच्या वेशीवरही, शेतजमिनींचे लेआउट होऊन खासगी वसाहती उभ्या राहिल्या आहेत. प्लॉट घेताना आपण त्याची लांबी-रुंदी, दिशा, पाण्याची सोय आणि एनए झाल्याचा कागद बारकाईने तपासतो. समोरचा रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना असलेली माती-गवताची पट्टी, म्हणजेच साईडपट्टी, मात्र गृहीत धरली जाते. चार-पाच पावसाळे गेले, डांबराच्या कडा तुटू लागल्या आणि गटारे मातीने भरली, की मग हे कोणी दुरुस्त करायचे, असा प्रश्न पुढे येतो. महापालिकेकडे गेल्यास रस्ता ताब्यात नसल्याचे उत्तर मिळते, विकासक सगळे प्लॉट विकून मोकळा झालेला असतो आणि रहिवाशांचा संघ नोंदलेला नसतो. या अडचणीचा एक भाग कागदाचा आहे आणि दुसरा मातीचा. दोन्ही समजून घेतल्यास देखभालीचे काम वाटते तेवढे अवघड राहत नाही.

रस्ता कोणाच्या नावावर आहे?

आपल्या भागातील वसाहतींचे रस्ते साधारणपणे तीन अवस्थांत आढळतात. पहिली अवस्था म्हणजे बुडा (बेळगाव नगरविकास प्राधिकरण) किंवा संबंधित नियोजन प्राधिकरणाने नकाशा मंजूर केला, विकासकाने रस्ते, उद्यान आणि नागरी सुविधांची जागा मोबदला न घेता नोंदणीकृत कागदाने सोडून दिली आणि पुढे त्या महापालिकेने, नगरपालिकेने किंवा ग्रामपंचायतीने देखभालीसाठी ताब्यात घेतल्या. अशा रस्त्याची दुरुस्ती ही त्या संस्थेची जबाबदारी असते. दुसऱ्या अवस्थेत नकाशा मंजूर असतो, परंतु हस्तांतर पूर्ण झालेले नसते. त्यामुळे रस्ता वापरात सगळ्यांच्या, पण कागदावर अजून विकासकाकडे, अशी स्थिती वर्षानुवर्षे राहते. तिसरी अवस्था सर्वांत बिकट आहे. येथे मंजुरीच नसते, शेताचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे करून विकलेले असतात आणि रस्ता केवळ खरेदीखताला जोडलेल्या हाताने काढलेल्या नकाशावर असतो. अशा ठिकाणी पुष्कळदा उताऱ्यावर त्या रस्त्याची जमीन अजूनही मूळ शेतकऱ्याच्याच नावे असते.

मालकी, वहिवाटीचा हक्क आणि देखभालीची जबाबदारी या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि वसाहतीतील बहुतेक भांडणे त्यांची सरमिसळ झाल्यामुळे होतात. ज्याच्या घरासमोरून रस्ता जातो, त्याला त्यावरून जाण्या-येण्याचा हक्क असतो; म्हणून तो रस्त्याचा किंवा आपल्या कुंपणासमोरील पट्टीचा मालक होत नाही. उलट, वहिवाटीचा हक्क ज्याच्या उपयोगाचा आहे, त्यानेच तो टिकवण्यासाठी लागणाऱ्या दुरुस्तीचा खर्च सोसावा, असे १८८२ च्या ईझमेंट कायद्याचे तत्त्व आहे. तिसऱ्या अवस्थेतील वसाहतींनी हे नीट ध्यानात घ्यावे, कारण तिथे कोणी सरकारी संस्था येऊन डांबर घालील अशी वाट पाहण्यात रस्त्याचे आयुष्य निघून जाते.

दुसऱ्या अवस्थेतील वसाहतींना २०१६ च्या रेरा कायद्याचा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याचा, चांगला आधार आहे. प्लॉटचे लेआउटही या कायद्याच्या कक्षेत येतात. संघाने सामाईक सोयींचा ताबा घेईपर्यंत अत्यावश्यक सेवा वाजवी खर्चात पुरवण्याची आणि सांभाळण्याची जबाबदारी कायद्याने विकासकावर टाकली आहे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत कामाच्या दर्जात किंवा दिलेल्या सोयींत दोष आढळला आणि तो विकासकाच्या नजरेस आणून दिला, तर त्याने तीस दिवसांच्या आत तो विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. या पाच वर्षांचे मोल फार मोठे आहे. रस्त्याच्या पायातील कच्चेपणा बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यातच उघड होतो, म्हणजे मुदतीच्या आत. त्या वेळी तारीख दिसेल अशी छायाचित्रे काढून लेखी तक्रार करणे आणि तिची पोच जपून ठेवणे एवढे केले, तर पुढचा मोठा खर्च टळू शकतो. त्याच कायद्याने प्लॉटधारकांवरही एक कर्तव्य ठेवले आहे: संघ स्थापन करण्यात प्रत्येकाने भाग घ्यायचा आहे.

रस्त्याकडेची पट्टी किंवा उद्यानाची जागा नंतर हळूच विकली जाण्याची भीती पुष्कळांना असते, आणि ती अनाठायी नाही. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी दिली गेली, तेव्हा तेथील रहिवाशांनी न्यायालयाचे दार ठोठावले. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये बंगळूर मेडिकल ट्रस्टच्या त्या प्रकरणात जागा देण्याचा निर्णय बेकायदा ठरवला आणि मोकळ्या जागेसाठी दाद मागण्याचा रहिवाशांचा हक्क मान्य केला. मात्र दाद मागायला हातात मंजूर नकाशा हवा. तो बुडाच्या किंवा नगररचना विभागाच्या कार्यालयातून, गरज पडल्यास माहिती अधिकाराखाली, शिक्क्यासह मिळवून ठेवावा. नकाशात रस्त्याची जी रुंदी लिहिलेली असते, ती केवळ डांबराची नसते. डांबर, दोन्ही साईडपट्ट्या आणि गटारे मिळून ती रुंदी होते. नऊ मीटरचा रस्ता मंजूर असेल आणि डांबर सहा मीटरच असेल, तर उरलेले तीन मीटर कोणाच्याही कुंपणाचे नाहीत.

पाणी, माती आणि डांबराची कड

बेळगाव शहरात वर्षाला सुमारे १,२०० मिलिमीटर पाऊस पडतो. सहाशे मीटर लांब आणि सहा मीटर रुंद अशा वसाहतीच्या रस्त्याचे क्षेत्र ३,६०० चौरस मीटर होते, आणि केवळ तेवढ्याच पृष्ठावर वर्षभरात त्रेचाळीस लाख लिटरांहून अधिक पाणी पडते. हे पाणी रस्त्यावरून लवकर उतरून गेले तर रस्त्याला त्याचा फारसा त्रास होत नाही. ते थांबले, किंवा कडेने आत मुरले, तर डांबराखालची खडी आणि मुरूम मऊ पडतात, वरून टँकर किंवा विटांचा ट्रक गेला की तेथे खळगा होतो, खळग्यात आणखी पाणी साचते आणि एका पावसाळ्यात त्याचा खड्डा बनतो. वरून जाणारे वजन खरे तर खालचे थर पेलतात. डांबराचे मुख्य काम त्यांना कोरडे ठेवणे हे आहे.

पाणी उतरावे म्हणून रस्ता मध्यभागी किंचित उंच ठेवतात. डांबरी रस्त्याला दोन ते अडीच टक्के उतार द्यावा, असा प्रघात आहे. सहा मीटर रुंद रस्त्याच्या मध्यापासून कडेपर्यंत तीन मीटर अंतर असते, म्हणजे अडीच टक्क्यांच्या हिशेबाने मध्य कडेपेक्षा साडेसात सेंटीमीटर उंच हवा. कडेच्या साईडपट्टीचा उतार डांबरापेक्षा किमान अर्धा टक्का अधिक ठेवावा, असा रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचा दंडक आहे. मुरमाच्या किंवा गवताच्या पट्टीला तीन-चार टक्के उतार चांगला. दीड मीटर रुंद पट्टीत चार टक्के म्हणजे सहा सेंटीमीटर. हे मोजायला अभियंता लागत नाही. एक सरळ फळी, गवंड्याची पाणसळ आणि टेप एवढ्यात काम होते.

खरी अडचण नवीन रस्त्यात नसून पुढच्या काही वर्षांत निर्माण होते. रस्त्यावरची धूळ, वाहून आलेली माती आणि पालापाचोळा साईडपट्टीवर साचत जातो. गवत त्या मातीला धरून ठेवते, त्यावर पुन्हा वाढते आणि असे करता करता पट्टीची पातळी डांबराच्या कडेपेक्षा वर येते. मग पावसाचे पाणी गटाराकडे न जाता डांबर आणि गवत यांच्या सांध्यावर अडते. वरून वसाहत हिरवीगार दिसते, परंतु रस्त्याचा पाया त्याच वेळी भिजत असतो. वसाहतीतील रस्ते खराब होण्याच्या कारणांत या उंच झालेल्या साईडपट्टीकडे सर्वांत कमी लक्ष जाते, आणि माझ्या मते तिच्यावर केलेला खर्च सर्वांत लवकर वसूल होतो. दोन मजूर, फावडी आणि एक ट्रॉली यांच्या मदतीने डांबरालगतची फूटभर पट्टी खरवडून पुन्हा गटाराकडे उतरती करता येते. वळवाचा पाऊस एप्रिल-मेमध्ये कधीही कोसळतो, म्हणून हे काम मार्चअखेरीस उरकावे. संपूर्ण पट्टी मात्र त्या वेळी उघडी करू नये, नाहीतर तीच माती पहिल्या पावसात गटारात जाऊन बसेल. मोठे खरवडणे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, जमिनीत ओल असताना करावे, म्हणजे गवत पुन्हा धरते.

मातीचा प्रकार पाहिल्याशिवाय शेजारच्या वसाहतीचे अनुकरण करू नये. हिंडलग्यापासून खानापूरच्या बाजूला तांबडी, जांभ्याची जमीन आहे. ती पाणी लवकर सोडते आणि तिथला मुरूमही चांगला दबतो. येळ्ळूर-वडगावच्या शिवारात, जिथे आजवर उत्तम भात आणि मसूर पिकत आली, तिथे काळी माती आहे. काळी माती ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवरचा रस्ता कडेपासून फाटत जातो, कारण मध्यभागाची माती डांबराखाली झाकलेली असते आणि कडेची माती मात्र दरवर्षी फुगणे-आकसणे सोसत असते. म्हणून काळ्या मातीच्या वसाहतीत डांबरालगतच्या गवताला पाइपने रोज पाणी घालणे टाळावे, मोठी झाडे कडेपासून शक्य तितकी दूर लावावीत आणि रस्ता नव्याने करताना त्याखाली मुरमाचा जाड थर साईडपट्टीच्या खालपर्यंत न्यावा. अथणी, रायबाग या कमी पावसाच्या पूर्व भागात तर रस्त्याकडेला पाणी घालून हिरवळ राखण्याचा हट्टच धरू नये. दाबून बसवलेला मुरूम आणि पावसाळ्यात आपोआप येणारे गवत तिथे पुरेसे आहे.

भेगा दिसताच बुजवाव्यात. खड्डा भरताना नुसती खडी-डांबर ओतून फावड्याने थोपटण्याची जी रीत सगळीकडे दिसते, तिने खड्डा एका पावसातच पुन्हा उघडतो. खड्ड्याच्या कडा चौकोनी आणि उभ्या कापाव्यात, आतली सैल खडी व माती काढून झाडून घ्यावी, तळाला आणि बाजूंना डांबराचा पातळ हात द्यावा, मग थराथराने भरून प्रत्येक थर दाबावा. संपूर्ण रस्त्यावर नवा थर द्यायचा असल्यास तो दिवाळीनंतर ते वळवाआधी या कोरड्या काळातच द्यावा. त्याआधी घरांच्या जोत्याची आणि गटारांच्या कडांची पातळी तपासावी. थरावर थर चढत गेले, की रस्ता अंगणापेक्षा उंच होतो आणि पाणी घरांकडे वळते. अशा ठिकाणी जुना थर खरवडून मगच नवा घालणे महाग पडले तरी योग्य ठरते.

गवत आणि झाडे

आपल्या हवेत रस्त्याकडेसाठी हरळीसारखे गवत नाही. ती जमिनीलगत पसरते, कांड्यांनी माती घट्ट धरते, गुरांच्या खुरांना आणि पायदळीला टिकते आणि उन्हाळ्यात सुकली तरी पहिल्या पावसात पुन्हा फुटते. ती मुळासकट खणून काढण्यापेक्षा चार-पाच सेंटीमीटर उंचीवर कापणे चांगले. पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी आणि नंतर लागेल तशी कापणी पुरते. कापलेले स्वच्छ गवत जवळच्या गवळ्याला दिल्यास वैरण होते, मजुरीही वाचते. त्यात गाजर गवत मिसळलेले नाही ना, हे मात्र पाहावे लागते.

गाजर गवत, ज्याला आपल्याकडे काँग्रेस गवतही म्हणतात, ते मोकळ्या प्लॉटमधून साईडपट्टीवर येते. त्याच्या स्पर्शाने त्वचेला खाज व पुरळ येतात आणि परागकणांमुळे दम्याचा त्रास वाढतो. ते फुलावर येण्यापूर्वी, पावसाने जमीन मऊ असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटणे हाच खात्रीचा उपाय आहे; एकदा बी पडले, की पुढची कित्येक वर्षे ते उगवत राहते. तणनाशक मारून एका दिवसात पट्टी साफ करण्याचा मोह टाळावा. मारलेले गवत वाळून माती उघडी पडते आणि ती वाहून गटारात जाते. शिवाय ग्लायफोसेट हे सर्रास वापरले जाणारे तणनाशक केवळ परवानाधारक कीडनियंत्रकांनीच वापरावे, असा निर्बंध केंद्र सरकारने २०२२ मध्ये घातला आहे.

झाडांच्या बाबतीत साईडपट्टीची रुंदी आणि वरून जाणाऱ्या हेस्कॉम या वीज कंपनीच्या तारा पाहून निवड करावी. अरुंद पट्टीत ताम्हण, बहावा, कांचन अशी मध्यम उंचीची झाडे शोभतात आणि सोसतात. गुलमोहराची मुळे उथळ आणि फांद्या ठिसूळ असल्याने तो रस्त्याकडेला नको. वाढलेले झाड तोडायचे झाल्यास १९७६ च्या कर्नाटक वृक्षसंरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, मग ते झाड आपण स्वतः लावलेले का असेना.

साईडपट्टीचे सर्वाधिक नुकसान मात्र ना गवत करते ना झाड. गाडी चढवण्यासाठी फाटकासमोर केलेला सिमेंटचा उतार जेव्हा गटाराच्या तोंडावर येतो, तेव्हा वरच्या दहा घरांचे पाणी तिथे तुंबते. उतार करायचाच असेल तर तो आपल्या हद्दीच्या आत सुरू करावा किंवा गटारावर काढता येणारी जाळी ठेवावी, असा नियम संघाने सुरुवातीलाच लिहून ठेवावा आणि तो पदाधिकाऱ्यांच्या घरांपासून लागू करावा. बांधकामाची वाळू-खडी रस्त्यावर टाकणे, सिमेंटचा माल डांबरावरच कालवणे, नळाच्या किंवा केबलच्या जोडणीसाठी रस्ता खोदून वरवर माती लोटणे यांनाही हेच लागू आहे. खोदलेला चर पंधरा-वीस सेंटीमीटरच्या थरांनी, प्रत्येक थर धुम्मसाने दाबत भरला नाही, तर पुढच्या पावसात तो खचतोच. खोदाईपूर्वी अनामत रक्कम घ्यावी आणि चर एक पावसाळा टिकल्यावरच ती परत करावी, ही पद्धत मला सर्वांत न्याय्य वाटते.

पैसा आणि संघ

संघ नोंदलेला नसेल तर त्याच्या नावे बँकेत खाते उघडत नाही, विकासकाला संघाच्या नावाने नोटीस देता येत नाही आणि महापालिकेकडे मागणी करायलाही अधिकृत तोंड राहत नाही. किमान सात जण एकत्र आल्यास १९६० च्या कर्नाटक संस्था नोंदणी कायद्याखाली संघ नोंदता येतो. १९७२ चा कर्नाटक अपार्टमेंट मालकी कायदा फ्लॅटच्या इमारतींसाठी आहे. स्वतंत्र प्लॉटच्या वसाहतीला तो उपयोगी पडत नाही.

वर्गणी ठरवताना दोन खर्च वेगळे मांडावेत. गवत कापणे, गटार काढणे, किरकोळ भेगा बुजवणे हा चालू खर्च. आणि काही वर्षांनी एकदाच येणारा, पण मोठा, नव्या थराचा खर्च. वरच्याच उदाहरणात ३,६०० चौरस मीटर रस्त्यावर नवा थर द्यायला चौरस मीटरमागे चारशे रुपये लागतात असे केवळ हिशेबापुरते धरले, तर एकूण १४ लाख ४० हजार रुपये होतात. हा थर आठ वर्षे टिकेल असे मानल्यास वर्षाला १ लाख ८० हजार, आणि साठ प्लॉटमध्ये वाटल्यास प्रत्येकाला वर्षाला तीन हजार, म्हणजे महिन्याला अडीचशे रुपये पडतात. प्रत्यक्ष दर स्थानिक कंत्राटदारांकडून लेखी घ्यावेत. आठव्या वर्षी प्रत्येकी चोवीस हजार एकदम मागितले तर निम्मी वसाहत नाही म्हणेल. महिन्याचे अडीचशे मात्र बहुतेकांना झेपतात. ही रक्कम संघाच्या नावे मुदत ठेवीत, दोन सह्यांशिवाय निघणार नाही अशा रीतीने ठेवावी.

रिकाम्या प्लॉटच्या मालकांनी द्यावे की नाही, यावर प्रत्येक सभेत वाद होतो. त्यांतील पुष्कळ जण पुण्याला, मुंबईला किंवा गोव्यात असतात आणि आपण रस्ता वापरतच नाही, असे म्हणतात. चालू खर्चात त्यांना सवलत देणे रास्त आहे. नव्या थराच्या निधीत मात्र त्यांचा वाटा इतरांइतकाच असावा, कारण रस्ता चांगला राहिल्याने त्यांच्याही प्लॉटची किंमत टिकते, आणि पुढे त्यांचे घर बांधताना सर्वांत जड ट्रक त्याच रस्त्यावरून येणार असतात. त्यांच्या प्लॉटवरील गाजर गवत काढण्याचा खर्च स्वतंत्रपणे त्यांच्या नावे मांडावा.

सभेची सूचना, ठराव आणि हिशेब मराठी व कन्नड दोन्हींत काढावेत. आपल्या वसाहतींत दोन्ही भाषांची घरे भिंतीला भिंत लावून आहेत, सरकारी कार्यालयांशी होणारा पत्रव्यवहार कन्नडमध्ये असतो, आणि खरेदीखतातील रस्त्याविषयीचा मजकूर नीट वाचून घ्यायला कन्नड जाणणारा शेजारी फार उपयोगी पडतो.

रस्ते महापालिकेकडे सोपवण्याची वेळ आली, तर आधी विकासक, संघ आणि महापालिकेचा अभियंता यांनी एकत्र पाहणी करून डांबराची स्थिती, साईडपट्टीची रुंदी, गटारांचा उतार, दिव्यांचे खांब आणि झाडे यांची नोंद तिघांच्या सह्यांनी करावी. उद्यान, रस्ते आणि सुविधांची जागा यांचे क्षेत्र मंजूर नकाशाशी जुळते का, हे मोजणीदाराकडून तपासून घ्यावे. कमी भरले तर ते हस्तांतरापूर्वीच लेखी नोंदवावे, कारण एकदा ताबा दिल्या-घेतल्याची कागदपत्रे पूर्ण झाली, की कुंपण कोणी आणि कधी पुढे सरकवले, हे सिद्ध करण्याचा भार रहिवाशांवर येतो.